टूलमध्ये नव्हे, कामात मुरा

आमचं घर इंदूरच्या कृष्णपुऱ्यात, होळकरांच्या छत्र्यांपासून हाकेच्या अंतरावर. रविवारी पोहे-जलेबीच्या वेळेला नात्यातलं नाहीतर ओळखीतलं कोणीतरी पोरगं येतं आणि विचारतं, ''आत्या, फुल-स्टॅक शिकू की एकाच गोष्टीत मास्टरी करू?'' मी डेटाबेसवाली, म्हणजे माझं उत्तर ठरलेलं, असं त्यांना वाटतं. तसं नाही.

सुरुवातीला ही निवड बहुधा तुम्ही करतच नाही, कंपनी करते. सुपर कॉरिडॉरवर टीसीएस, इन्फोसिसचे कॅम्पस आहेत. एवढ्या मोठ्या कंपन्यांत एकेका प्रकल्पावर खूप माणसं असतात, त्यामुळे नवख्याच्या वाट्याला एखादा तुकडा येतो: नुसतं टेस्टिंग, नाहीतर नुसते रिपोर्ट. दोन खोल्यांत चालणाऱ्या आठ-दहा जणांच्या कंपनीत मात्र सकाळी स्क्रीन बनवायची, दुपारी सर्व्हर बघायचा आणि संध्याकाळी चिडलेल्या ग्राहकाचा फोनही आपणच घ्यायचा. पगार कमी असला तरी पहिली तीन-चार वर्षं मला ही दुसरी जागा बरी वाटते. बटण दाबल्यापासून डेटाबेसपर्यंत काय काय घडतं, ते सगळं एकदा हाताखालून जातं. (घरच्यांना मोठ्या कंपनीचं नाव हवं असतं. लग्नाच्या बायोडाटात ते शोभतं ना!)

पण सगळंच थोडंथोडं येणाऱ्याचा भाव पुढे वाढत नाही. कशात तरी खोल जावंच लागतं, आणि इथे पोरं फसतात, कारण ती टूल निवडतात. फ्लॅशवर उभी असलेली करिअर मी पाहिली आहेत. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० नंतर फ्लॅश प्लेअरला वाऱ्यावर सोडलं. २०१६ मध्ये आलेलं अँग्युलर-२ आधीच्या अँग्युलरशी जुळतच नव्हतं, मग पुन्हा अभ्यासाला बसा. उलट १९७० च्या दशकात जन्मलेलं एसक्यूएल अजून माझं घर चालवतंय. लाखो नोंदींच्या टेबलाला योग्य इंडेक्स नसेल, तर एक बिल शोधायला डेटाबेस सगळ्या नोंदी वाचत बसतो. हे ज्याला उमगलं, त्याला ओरॅकल द्या की पोस्टग्रेस, तो अडत नाही.

याहून टिकाऊ खोली धंद्याची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि आमच्या एम. टी. क्लॉथ मार्केटातल्या व्यापाऱ्यांपुढे बिलांचा प्रश्न उभा राहिला. माल मध्य प्रदेशातच विकला तर कर सीजीएसटी आणि एसजीएसटी असा निम्मा-निम्मा. नागपूरच्या दुकानदाराला पाठवला तर आयजीएसटी. त्याने चार थानं परत केली तर क्रेडिट नोट, आणि तिच्यातही कर तसाच वजा. कोड लिहिणारे इंदूरात ढिगाने होते. हा हिशेब समजून कोड लिहिणारे थोडे. आता एआय स्क्रीन झटपट लिहून देतं, पण परत आलेल्या थानांचा कर बरोबर वजा झाला की नाही, हे बघणारं माणूस लागतंच.

म्हणून नोकरीत दोन-तीन वर्षं झालेल्यांना माझं एकच सांगणं आहे. नवा कोर्स लावण्याआधी मॅनेजरची परवानगी काढा आणि तुमचं सॉफ्टवेअर रोज वापरणाऱ्या एखाद्या मुनीमजींशेजारी दिवसभर बसून या.