पाहुण्यांनी राखलेले गाव

आतिथ्य हा आपल्या गृहस्थधर्माचा एक मानबिंदू. तैत्तिरीय उपनिषदात अध्ययन पूर्ण करून घरी निघालेल्या शिष्याला गुरू जो उपदेश करतात, त्यात माता, पिता आणि आचार्य यांच्याच पंक्तीत अतिथीलाही स्थान दिले आहे. आज मात्र शहरातल्या दोन खोल्यांच्या घरात पाहुणा येणार म्हटले, की आनंदाच्या आधी मनात हिशेब सुरू होतो. त्याला झोपवायचे कुठे? वाढायचे काय? आपले साधे घर त्याला आवडेल का? हेच प्रश्न लडाखमधील एका दुर्गम गावालाही पडले असतील. त्या गावाने दारे उघडली आणि काय घडले, हे जाणून घेण्यासारखे आहे.

लेह शहरापासून सिंधू नदी ओलांडून दक्षिणेकडच्या डोंगरांत शिरले, की हेमिस राष्ट्रीय उद्यानात रुंबक हे गाव लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटर उंचीवर मोजकीच घरे, जव आणि वाटाण्याची थोडी शेती आणि शेळ्या-मेंढ्या हीच खरी पुंजी. या पुंजीवर डोळा असे तो हिमबिबट्याचा. बंदिस्त मेंढवाड्यात शिरलेला हिमबिबट्या भूक भागली तरी थांबत नाही. समोर जनावर धडपडताना दिसते तोवर मारत सुटतो. एका रात्रीत डझनावारी मेंढ्या गेल्या, तर त्या घराची वर्षांची कमाई गेली. मग संतप्त गावकऱ्यांनी त्या दुर्मीळ प्राण्याचा जीव घ्यावा, यात नवल ते काय?

पदभ्रमणासाठी येणारे प्रवासी याच वाटेने जात. परंतु त्यांचे तंबू, शिधा आणि स्वयंपाकीही बहुधा लेहहून येत. पैसाही तिकडेच परत जाई. गावाच्या वाट्याला उरे तो कचरा. २००० नंतरच्या दशकाच्या आरंभी रिंचेन वांगचुक या लडाखी गिर्यारोहकाने स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सी या संस्थेच्या माध्यमातून गावकऱ्यांशी चर्चा सुरू केली. त्यातून एक साधा विचार पुढे आला. प्रवाशाने तंबूत न राहता गावातल्या घरीच का उतरू नये? त्याबरोबरच मेंढवाड्यांवर जाळ्या बसवून दारे भक्कम करण्यात आली.

चुलीजवळची जागा

लडाखी घराचे हृदय म्हणजे स्वयंपाकघर. भिंतीवरच्या फडताळांत तांब्या-पितळेची लखलखती भांडी, मधोमध चूल आणि बाजूने बैठकीच्या सतरंज्या. पाहुण्याला बसवायचे ते इथेच. लोणी-मिठाच्या चहाचा पेला घोटभर रिकामा झाला, की यजमानीण तो पुन्हा भरते. जेवणात घरच्यांसाठी शिजलेला थुक्पा किंवा स्क्यू. वेगळा थाटमाट नाही. स्वच्छता आणि पिण्याच्या पाण्याबाबत मात्र काटेकोर काळजी. ज्या साधेपणाचा आपल्याला संकोच वाटतो, तोच अनुभवायला प्रवासी दूरदेशाहून इथे येतात!

पाहुणा एका घरचा, लाभ गावाचा

पैसे घेतले म्हणजे आतिथ्याचा व्यापार झाला, असा आक्षेप कोणी घेईल. रुंबकच्या योजनेतील दोन नियम या आक्षेपाला उत्तर देतात. पाहुणे कोणाकडे उतरणार, हे पाळीने ठरते आणि दर सर्वांचा सारखा. त्यामुळे पाहुण्यासाठी ओढाओढ होत नाही, शेजारी शेजारीच राहतो. शिवाय उत्पन्नातील काही वाटा गावाच्या सामाईक कामांसाठी बाजूला निघतो. घर सांभाळणाऱ्या स्त्रियांच्या हाती स्वतःचा पैसा आला. आणि ज्याच्या दर्शनासाठी पाहुणे येतात, तो हिमबिबट्या गावाला वैरी वाटेनासा झाला. त्याच्या पाऊलखुणा आता गावकरीच कौतुकाने दाखवतात. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या गणनेनुसार देशात ७१८ हिमबिबटे असून त्यांपैकी ४७७ एकट्या लडाखमध्ये आहेत. हे श्रेय एकाच योजनेचे नव्हे. पण त्यात या चुलींचाही वाटा आहे.

आपल्याही घरी अशी सोय करता येईल. केंद्र शासनाच्या न्याहारी-निवास योजनेत एक ते सहा खोल्यांची नोंदणी होऊ शकते. मालकाने सहकुटुंब त्याच वास्तूत राहिले पाहिजे, ही तिची महत्त्वाची अट. कारण घरात घरची माणसेच नसतील, तर ते घर कसले? २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अशा घरगुती निवासांसाठी मुद्रा कर्जाची घोषणाही झाली आहे. कोकणातले माडांच्या सावलीतले घर असो वा सातपुड्याच्या पायथ्याचा वाडा, खोली दुरुस्त करण्यास हे भांडवल उपयोगी पडावे.

अर्थात प्रत्येक पाहुणा पैसे देणाराच असतो असे नाही. परीक्षेसाठी आलेला भाचा, उपचारांसाठी शहरात आलेले गावाकडचे काका, बदलीवर आलेला परप्रांतीय सहकारी यांना हवी असते ती पंचपक्वान्ने नव्हेत, तर आपल्यात सामावून घेतल्याची खूण. पानात आमटी-भात असला तरी चालतो. बसण्याची जागा मात्र चुलीजवळची असावी.