संगणक मोडण्याची भीती

घरात एकच संगणक, तोही हप्त्यावर घेतलेला. मुलगी म्हणते, कॉलेजात लिनक्स शिकवतात, घरी सराव हवा. बाप म्हणतो, खबरदार हात लावशील तर! हा संवाद आम्ही आमच्या वस्तीत पुष्कळ घरांतून ऐकला आहे. बापाचेही चुकत नाही. एका मुलाने विंडोज काढून लिनक्स बसवण्याच्या नादात घरातले फोटो, नोकरीचे अर्ज आणि थोरल्या भावाच्या जात पडताळणीच्या कागदांच्या प्रती, सारेच पुसून टाकले. त्या कागदांसाठी कचेरीत किती खेटे घालावे लागतात, हे समाजबांधवांना निराळे सांगायला नको.

यावर एक बिनपैशाचा उपाय आहे. 'व्हर्च्युअलबॉक्स' हे सॉफ्टवेअर जर्मनीतल्या इनोटेक कंपनीने तयार केले व २००७ साली त्याचा मूळ कोड सर्वांना खुला केला. पुढे ते २००८ मध्ये सन आणि २०१० मध्ये ओरॅकल कंपनीकडे गेले, तरी मूळ सॉफ्टवेअर आजही मुक्त आहे.

ते बसवले की विंडोजच्याच एका खिडकीत दुसरा संगणक सुरू करता येतो. हा पाहुणा संगणक खरा नसतो. त्याची हार्ड डिस्क म्हणजे आपल्या डिस्कवरची एक मोठी फाईल. त्यात लिनक्स बसवावे, चुकावे, मोडावे. फारच बिघडले तर पाहुणा पुसून नवा करावा. घरचे सामान जागच्या जागी राहते. त्यात 'स्नॅपशॉट' म्हणून एक सोय आहे. काम सुरू करण्यापूर्वी तो घेतला, तर बिघाडानंतर पुन्हा त्याच क्षणाला परतता येते. शिकणाऱ्याला याहून मोठा धीर कोणता?

संगणकात ८ जीबी रॅम असावी. पाहुण्याला त्यातली २ ते ४ पुरते. डिस्कवर २५ जीबी जागा ठेवावी. पाहुणा सुरूच होत नसेल तर बायॉसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद आहे का, ते पाहावे. ४ जीबीच्या यंत्रावर सारे रखडत चालते, त्यावरून लिनक्सला नावे ठेवू नयेत.

आम्ही पडलो कारकून, बारीक अक्षरे वाचायची सवय! म्हणून सांगतो: सोबत मिळणारा 'एक्स्टेन्शन पॅक' घरगुती वापराला व शिक्षणाला मोफत आहे, कचेरीच्या कामाला नाही. पाहुणा म्हणून विंडोज घ्यायचे असेल, तर त्याचाही परवाना लागतो. लिनक्सला लागत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. पुष्कळ जुन्या यंत्रांवर विंडोज ११ चालत नाही. लिनक्सकडे वळावे की नाही, हा प्रश्न आता बापांपुढेही आहे.

वर सांगितलेल्या मुलीने पहिल्याच आठवड्यात पाहुणा तीनदा मोडला. बापाच्या पगाराच्या पावत्या होत्या तिथेच आहेत.