पेटीतल्या बाळाचं रक्त

‘बाळाला पेटीत (इनक्युबेटरमध्ये) ठेवलंय’ म्हटलं की वाटतं, आता ते सुरक्षित. पण जंतूंना तिथेही वाट सापडते. आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे येतात ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. सातव्या महिन्यातच जन्मलेल्या बाळाची ही शिदोरी अर्धवट राहते. कातडीही नाजूक. त्यात शिरेत घातलेली नळी. तिच्या आत जंतू चिकट थर करून राहतात आणि थेट रक्तात उतरतात.

दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात अतिदक्षता विभागातल्या १३,५३० नवजात बाळांचा अभ्यास झाला. त्यांपैकी १४.३ टक्के बाळांना सेप्सिस, म्हणजे रक्तात पसरणारा जंतुसंसर्ग, झाला. आघाडीवर होते अ‍ॅसिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला हे जंतू, अनेक अँटिबायोटिक्सना दाद न देणारे.

सेप्सिसची लक्षणं फसवी असतात. ताप येईलच असं नाही. बाळ दूध ओढत नाही, अंग गार पडतं, श्वास मध्येच थांबतो. रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या चाचणीचा, म्हणजे कल्चरचा, अहवाल यायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून डॉक्टर औषध आधीच सुरू करतात.

बचावाचे उपाय मात्र साधे आहेत: प्रत्येक स्पर्शाआधी हात धुणं, गरज संपताच नळी काढणं, आईचं दूध आणि आईच्या छातीची ऊब.