व्हॅनमधला फ्रिज: फोम कुठे लावायचा?

मागच्या मे महिन्यात आम्ही व्हॅन घेऊन नाशिकहून निघालो. फ्रिजमध्ये बाबांचं इन्सुलिन, ते २ ते ८ अंशांतच ठेवायचं. मी हुशारी करून फ्रिजला चारही बाजूंनी फोम गुंडाळला होता. रात्रभर कॉम्प्रेसर थांबलाच नाही. पहाटे बॅटरी बसली, दुपारी फ्रिजच्या आत ३८ अंश. सगळं इन्सुलिन वाया.

चूक कुठे झाली? फ्रिज थंडी बनवत नाही; आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. मी तिचा रस्ताच बंद केला. पिंपळगावकडची द्राक्षांची कोल्ड स्टोरेज बघा ना: भिंती पफच्या, पण गरम हवा फेकणारं युनिट बाहेर उघड्यावर.

आता फोम व्हॅनच्या छताला आणि पत्र्याला लावलाय. फ्रिजच्या जाळीमागे मोकळी जागा सोडली. हवा आत यायला खाली एक झरोका, बाहेर जायला वर दुसरा.

हिशोब सोपा आहे. ४५ वॅटचा फ्रिज निम्मा वेळ चालला, तर दिवसाला ५४० वॅट-तास. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी साधारण दोन दिवस पुरते. वायर मात्र जाड घ्या, बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडतं.

आणि आत थर्मामीटर ठेवाच. इन्सुलिन गोठलं, तरी ते फेकावंच लागतं.