राजाला नकार

रात्री विरजण लावून झाले, की मी दिवाणखान्यातला दिवा मालवते आणि कोरियाच्या राजवाड्यात जाऊन बसते! “काय मेलं कळतं तुला त्यांच्या भाषेतलं?” असे सासूबाई विचारतात. खालची अक्षरे वाचते, हे खरे. पण निम्मे तर त्या नटांच्या डोळ्यांवरूनच कळते.

सध्याचे वेड ‘द रेड स्लीव्ह’चे. २०२१ सालची, १७ भागांची मालिका. नायक जोंगजो हा जोसोन घराण्यातला खराखुरा राजा. त्याने १७७६ ते १८०० राज्य केले. १७६२ साली त्याच्या आजोबांनी त्याच्या बापाला धान्याच्या लाकडी पेटीत कोंडून मारले, तेव्हा हा नऊ वर्षांचा होता. अशा पोळलेल्या मुलाचा जीव वाड्यातल्या एका दासीवर जडतो. आणि ती? ती चक्क नाही म्हणते!

एकदा नव्हे, दोनदा. मध्ये १५ वर्षे गेली. हे मालिकावाल्यांच्या पदरचे नाही, बरे का. १७८६ साली ती वारली, तेव्हा तिचा स्मृतिलेख राजाने स्वतः लिहिला आणि त्यात हे नकार नोंदवून ठेवले. युवराज्ञीला अजून मूल नाही, मग मी कशी पुढे होऊ, असे ती रडत म्हणाली होती. मालिकेतली धास्ती मात्र निराळी : राजाची झाले, तर मी माझी उरेन का?

परवा ‘ह्यां’नी वर्तमानपत्र खाली ठेवून हळूच विचारले, “मग, हो म्हणाली का ती?”

“बसा इथं आणि बघा.”

बसले. शेवटच्या भागाला कितीतरी वेळ चष्माच पुसत होते.