लपलेल्या संसर्गाचा शोध : पेट-सीटी तपासणी कशासाठी व केव्हा

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतून येणाऱ्या काही रुग्णांचा ताप आठवडेच्या आठवडे उतरत नाही. रक्त, लघवी, एक्स-रे, सोनोग्राफी सर्व होते. कारण मात्र हाती लागत नाही. मणक्यात दडलेला क्षय, कृत्रिम झडपेवर बसलेले जंतू, कच्च्या दुधातून वा गोठ्यातून आलेला ब्रुसेला, अशी ही कारणे असू शकतात. अशा वेळी डॉक्टर पेट-सीटी सुचवितात आणि तिचा खर्च ऐकून नातेवाईक आमच्या कार्यालयात चौकशीस येतात. त्यांच्यासाठी हे टिपण.

सूज असलेल्या जागी जमलेल्या पांढऱ्या पेशी साखर अधिक वापरतात. म्हणून फ्लोरिन-१८ हा किरणोत्सर्गी अणू जोडलेली साखरसदृश द्रव्ये शिरेतून देतात व सुमारे तासाभराने शरीराचे चित्र घेतात. साखर जेथे साठली तो भाग उजळतो. सीटी त्याची नेमकी जागा सांगते. मेंदू व मूत्राशय एरवीही उजळतातच.

हे औषध गावोगावी का मिळत नाही, हे वाणिज्य शाखेच्या माणसास घसाऱ्याच्या हिशेबाने चटकन समजते. दर ११० मिनिटांनी त्याची शक्ती निम्मी होते. मुंबईहून निघालेली मात्रा तीन तासांनी पुण्यास पोहोचली, तर जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. ते सायक्लोट्रॉन यंत्रात तयार होते. देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले. आपल्या रुग्णास म्हणूनच पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते.

एवढा खर्च करूनही ही तपासणी जागा दाखविते, जंतूचे नाव सांगत नाही. कर्करोगाची गाठही तशीच उजळते. उजळलेल्या जागेतील तुकडा वा पू काढून तपासावा लागतो. निदान तेथे होते. पहिल्याच आठवड्यात ‘एकदाचे सगळे शरीर बघून टाका’ असा आग्रह त्यामुळे धरू नये. मात्र साध्या तपासण्या थकल्यावर त्याच पुनःपुन्हा करीत राहणे त्याहून महाग पडते, असे माझे मत आहे.

तपासणीपूर्वी किमान सहा तास उपाशी राहावे लागते व रक्तातील साखर आटोक्यात असावी लागते. मधुमेह वा गरोदरपण असल्यास आधी सांगावे. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के व दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात. तपासणी तशा रुग्णालयात होणार असल्यास सवलतीची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका आणि जुने सर्व अहवाल सोबत न्यावेत.