भुताचे ताट, रंग मात्र घरचाच
हॅलोवीनच्या मेजवानीचा बेत आखताना कॅम्पमधील यजमानांनी काय पाहावे?

बेळगाव : ऑक्टोबर सरत आला की भुताखेतांचे मुखवटे, कोरलेले भोपळे आणि काळ्या-केशरी पताका आता बेळगावसारख्या शहरांतही दिसू लागतात. ३१ ऑक्टोबरच्या रात्रीचा हॅलोवीन हा मूळचा आपल्याकडचा सण नव्हे. तरीही मुलांच्या हौसेखातर घरोघरी, सोसायट्यांत आणि शिकवणी वर्गांत त्या निमित्ताने लहानमोठ्या मेजवान्या ठरतात. अशा मेजवानीत सर्वांत जास्त चर्चा होते ती खाण्याची. ‘रक्ता’चे सरबत, ‘डोळ्यां’ची मिठाई, काळाकुट्ट केक असे पदार्थ मुलांना हवे असतात. ते रंग नेमके कोठून येतात, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

हा प्रश्न कर्नाटकात आणि गोव्यात दोन्हीकडे गंभीर ठरला आहे. २०२४ च्या मार्चमध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमधील कृत्रिम रंगांवर आणि ‘बुढ्ढी के बाल’ या साखरेच्या मिठाईतील ऱ्होडामाइन-बी या रसायनावर बंदी घातली. हे रसायन कापड व कागद रंगविण्यासाठी वापरले जाते. त्याच वर्षी जूनमध्ये कबाबमधील कृत्रिम रंगांवरही बंदी आली. त्यानंतर राज्यातील केकच्या २३५ नमुन्यांची तपासणी झाली, तेव्हा १२ नमुने असुरक्षित आढळले. त्यांत गडद लाल आणि काळसर रंगाच्या लोकप्रिय केकांचा समावेश होता. गोव्यात म्हापसा नगरपालिकेनेही २०२४ च्या आरंभी गोबी मंचुरियनच्या गाड्यांविरुद्ध पाऊल उचलले होते. हॅलोवीनच्या ताटात लाल, काळा, हिरवा आणि जांभळा हेच रंग प्रमुख असल्याने येथे सावधगिरी अधिक हवी.

सणाचे मूळ आणि खाद्याची परंपरा

हॅलोवीनचे मूळ आयर्लंड व स्कॉटलंडमधील केल्टिक लोकांच्या ‘साविन’ या उत्सवात सांगितले जाते. सुगी संपून हिवाळा सुरू होण्याच्या या संधिकाळात मृतात्मे घरी परततात, अशी समजूत होती. पुढे १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस म्हणून ख्रिस्ती जगतात रूढ झाला. इंग्लंडमध्ये या दिवसांत मसालेदार छोटे केक गोरगरिबांना वाटले जात आणि ते घेणारे मृतांसाठी प्रार्थना करीत. आयर्लंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा लावत. एकोणिसाव्या शतकात आयरिश स्थलांतरित अमेरिकेत गेले आणि तेथे सलगमाची जागा सहज कोरता येणाऱ्या मोठ्या भोपळ्याने घेतली.

भय आणि खाद्य यांची ही सांगड आपल्यालाही अनोळखी नाही. गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे जाळले जातात. त्यानंतर तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कडू कारीट चिरडायचे आणि मग गुळातले, दुधातले, ताकातले पोहे खायचे, हा क्रम घरोघरी पाळला जातो. पितृपक्षात काकबळी ठेवला जातो. गोव्यातील कॅथलिक कुटुंबांत लग्नापूर्वी दिवंगतांच्या स्मरणार्थ गरिबांना जेवू घालण्याची प्रथा आहे. भीतीचा शेवट गोड घासाने करावा आणि तो घास इतरांसोबत वाटून खावा, हे सूत्र सर्वत्र सारखेच दिसते.

कॅम्पचे वेगळेपण

बेळगावचा कॅम्प हा ब्रिटिशकालीन छावणीचा भाग. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र, जुनी चर्चे, १८५६ मध्ये सुरू झालेले सेंट पॉल्स हायस्कूल यांमुळे या परिसराला संमिश्र वळण लाभले आहे. पोर्तुगीज काळात शिक्षणासाठी गोव्यातील अनेक विद्यार्थी बेळगावात येत असत. बेळगावचे धर्मप्रांत १९५३ मध्ये स्थापन झाले, त्याचे प्रमुख चर्चही येथेच आहे. त्यामुळे येथील मेजवानीत दोन गोष्टींचे भान ठेवणे आवश्यक ठरते.

पहिली गोष्ट तारखांची. हॅलोवीननंतर दोनच दिवसांनी कॅथलिक कुटुंबे आपल्या आप्तांच्या थडग्यांवर फुले व मेणबत्त्या ठेवतात. अशा वेळी केकवर क्रूस आणि थडगी रचून थट्टा करणे शेजाऱ्यांना बोचू शकते. वटवाघूळ, कोळी, घुबड, हडळ अशी चिन्हे त्यापेक्षा बरी. दुसरी गोष्ट बाजाराची. १ नोव्हेंबर हा कर्नाटक राज्योत्सवाचा दिवस असतो आणि सीमाभागातील मराठी भाषिक तो काळा दिवस म्हणून पाळतात. मिरवणूक व निषेध फेरीमुळे रस्ते आणि दुकाने यांची खात्री देता येत नाही. परगावहून, विशेषतः गोव्याहून येणाऱ्या पाहुण्यांच्या परतीची वेळ आणि दुसऱ्या दिवशीचे दूध-भाजी यांची सोय आधीच करून ठेवावी.

रंग कोठून आणावेत?

लाल रंगासाठी बीट आणि कोकम ही दोन साधने पुरेशी आहेत. बिटाचा रंग दीर्घकाळ उकळल्यास फिका व तपकिरी होतो. म्हणून रस शेवटी मिसळावा आणि त्यात लिंबाचे चार थेंब घालावेत. आम्लामुळे रंग टिकण्यास मदत होते. बेळगावात जैन कुटुंबांची संख्या मोठी आहे. कंदमुळे वर्ज्य मानणाऱ्या पाहुण्यांसाठी बिटाऐवजी कोकमाचे आगळ वापरावे.

हिरव्यासाठी पालक उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावा व मग वाटावा, म्हणजे रंग काळवंडत नाही. काळ्या-तपकिरी छटेसाठी काळे तीळ, नाचणी, कोको आणि खजूर आहेत. काळा रंग आणण्यासाठी समाजमाध्यमांवर सुचविला जाणारा औषधी कोळसा मात्र टाळावा. तो पोटातील औषधांचे शोषण रोखतो, त्यामुळे नियमित गोळ्या घेणाऱ्यांना अपाय होऊ शकतो.

सर्वांत चमत्कारिक रंग गोकर्णीच्या निळ्या फुलांचा. ही फुले गरम पाण्यात घातली की निळा अर्क उतरतो आणि त्यात लिंबू पिळताच तो जांभळा होतो. मुलांसमोर हा प्रयोग केला तर ‘जादूचे औषध’ म्हणून दुसरे काही करावे लागत नाही. फुले फवारणी न केलेल्या वेलीची असावीत. हळद आणि खाण्याचा सोडा एकत्र आले की लालसर रंग येतो, हे भजीच्या पिठात सोडा जास्त पडल्यावर अनेकांनी पाहिलेले असते. तो गुणधर्म दाखवायला छान, पण चवीला कडवट. म्हणून तो प्रयोग ताटाबाहेरच ठेवावा.

बाजारातील रंग वापरायचाच असेल तर तो बंद वेष्टनातला, परवाना क्रमांक व घटक छापलेला असावा. भारतात खाद्यपदार्थांसाठी मोजक्याच कृत्रिम रंगांना, तेही ठरावीक पदार्थांत आणि मर्यादित प्रमाणात, परवानगी आहे. पुडीत बांधून मिळणारा सुटा रंग घेऊ नये.

पंधरा मुलांसाठी बेत

ओळखीच्या पदार्थांना भुताचे रूप दिले की अन्न वाया जात नाही. बटाट्याचे किंवा कच्च्या केळ्याचे लांबट कटलेट करून त्याभोवती मैद्याच्या पट्ट्या गुंडाळाव्यात आणि भाजाव्यात. डोळ्यांच्या जागी दोन तीळ लावले की ‘ममी’ तयार होते. प्रत्येकी दोनप्रमाणे तीस पुरेत. छोट्या इडल्यांना काळ्या मनुकांचे डोळे लावले की पांढरी भुते होतात, ती पंचेचाळीस करावीत. ढोबळी मिरची भोपळ्यासारखी कोरून आत पुलाव भरावा. त्यासाठी पाऊण किलो तांदूळ लागतो.

गोडात बेळगावचा कुंदा कामी येतो. त्याचा तपकिरी, रवाळ पोत ओल्या मातीसारखा दिसतो. लहान वाट्यांत तो भरून वर बिस्किटाचा चुरा टाकावा आणि शेवयांचे पाय लावलेला खजुराचा कोळी बसवावा. पंधरा वाट्यांना सहाशे ग्रॅम कुंदा पुरतो. पाक पिळून काढलेल्या रसगुल्ल्यावर अर्धे काळे द्राक्ष दाबून बसवले आणि टोकदार काडीने बिटाच्या रसाच्या रेषा ओढल्या की ‘डोळा’ होतो. येथील मांडे पातळ आणि घडीचे असल्याने ताटाच्या कडेला जुन्या फाटक्या पडद्यासारखे शोभतात. पिण्यासाठी तीन लिटर कोकम सरबत करावे. बाटलीबंद पेयांची मग गरज राहत नाही.

सजावटीसाठी कोरलेल्या लाल भोपळ्याचा गर फेकू नये. त्याच दिवशी किसून गुळासोबत शिजवला तर घारग्यांचे पीठ होते. बिया धुऊन, वाळवून, मीठ लावून भाजाव्यात. रात्रभर दिवा ठेवलेले कवच मात्र खाण्यात वापरू नये.

धोका टाळण्याचे नियम

पेयातून धूर निघावा म्हणून शुष्क बर्फ वापरण्याची कल्पना आकर्षक वाटते. हा बर्फ म्हणजे उणे ७८ अंश सेल्सिअस तापमानाचा गोठलेला कार्बन डायऑक्साइड होय. २०२४ च्या मार्चमध्ये गुरुग्राममधील एका उपाहारगृहात जेवणानंतर मुखशुद्धी म्हणून तो चुकून दिला गेला आणि पाच जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. मुलांच्या मेजवानीत तो आणूच नये. आल्याचा वाफाळता काढा मोठ्या भांड्यात ठेवला तरी देखावा साधतो, फक्त भांडे मुलांच्या हाताबाहेर असावे.

पाच वर्षांखालील मुलांसाठी द्राक्षे उभी चिरून चार फोडी कराव्यात. अख्खे द्राक्ष घशात अडकू शकते. त्यांना अख्खे शेंगदाणे व बदामही देऊ नयेत. शेंगदाणा, दूध, गहू किंवा अंडे कोणाला चालत नाही, हे निमंत्रण देतानाच पालकांना विचारावे आणि शाकाहारी व मांसाहारी ताटे, चमचे वेगळे ठेवावेत. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहू नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस येथेही लागू पडते. इडल्या आणि ममी दोन खेपांत बाहेर काढल्या तर हे सहज पाळता येते.

कामाची विभागणी अशी करता येईल. तीन दिवस आधी बिस्किटे, खजूर, कोकम, कुंदा यांची खरेदी. आदल्या दिवशी इडलीचे पीठ, कटलेटचे सारण आणि भोपळ्याचे कोरीवकाम. त्या दिवशी दुपारी ममींचे वेष्टन व पुलाव आणि शेवटच्या तासाभरात रसगुल्ल्यांचे डोळे. इडल्यांना डोळे लावण्याचे काम मुलांनाच द्यावे. स्वतःच्या हाताने केलेल्या भुताची भीती वाटत नाही आणि ते ताटात उरतही नाही. वाढप सुरू होण्यापूर्वी घरकामाच्या मावशी, रखवालदार आणि शेजारच्या आजी-आजोबांसाठी चार ताटे बाजूला काढावीत. मृतांच्या नावाने दुसऱ्याच्या हातावर केक ठेवणाऱ्या जुन्या प्रथेशी ही मेजवानी तेथे खऱ्या अर्थाने जोडली जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी मुखवटे अडगळीत गेलेले असतील, पण न्याहारीला भोपळ्याचे गरम घारगे असतील.